ठकूबाईची सात बोटं

मी एक जुना तक्ता आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही म्हणाल, वीतभर कागदाला एवढा संशय कशाला? पण माझं कामच तसं आहे. माणसाला दम किती लागतो ते मी मोजतो. आणि दम ज्याच्या छातीत असतो त्यालाच तो कळतो. बाकीच्यांनी त्याच्या सांगण्यावर विसंबायचं. सांगणारा खरं सांगतोय की नाही हे कोणी ठरवायचं?

माझा जन्म खालापुरातला. तहसील कचेरीसमोर कपिलचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं दिवसभर सातबाऱ्याच्या आणि दाखल्यांच्या प्रती निघतात. जागृती तिथं एक हातानं लिहिलेला कागद घेऊन आली. ती कर्जत-कडाव रस्त्यावरच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात काम करते. छातीच्या जुन्या रोग्यांना श्वासाचे व्यायाम शिकवते, त्यांना चालायला लावते.

"जय भीम, कपिलदादा. हे जरा मोठ्या अक्षरात टाइप करून लॅमिनेट करून द्या."

कपिलनं कागद वाचला. शून्य ते दहा आकडे होते आणि प्रत्येकापुढे काहीतरी लिहिलेलं होतं. "ताई, 'सौम्य श्वासकष्ट' म्हणजे काय?"

"थोडा दम."

"मग थोडा दम असंच लिहा की."

"पुस्तकात असं आहे," जागृती म्हणाली.

कपिलनं मान हलवली आणि पुस्तकात होतं तसं छापून दिलं. तो तक्ता मी नव्हे. तो माझा थोरला भाऊ. दवाखान्यात तो महिनाभर टिकला. रोगी त्याच्याकडे बघायचे आणि कुठंही बोट ठेवायचे. डोंगरातल्या वाडीवरून येणारे जैतूबाबा नेहमी चारवर बोट ठेवत. जागृतीनं कारण विचारलं तर म्हणाले, चार हा आकडा ओळखीचा आहे, घरात चार पोरं आहेत.

त्या दिवशी जागृतीनं थोरल्या भावाला कपाटात टाकलं आणि वही घेऊन रोग्यांच्या बाकावर येऊन बसली. दम लागतो तेव्हा नेमकं काय होतं, असं तिनं एकेकाला विचारलं. जे ते बोलले ते तसंच लिहून घेतलं. त्यातून मी झालो. माझ्यावर शून्यापुढे लिहिलंय, 'दम नाही, झोप लागल्यासारखा श्वास'. तीनपुढे, 'चालता चालता बोलता येतं'. पाचपुढे, 'बोलताना मधेच थांबावं लागतं'. सातपुढे, 'दोन शब्दांच्या पुढं बोलवत नाही'. आणि दहापुढे, 'आता पुढं नाही'. हे शेवटचं जैतूबाबांचं. मला भोक पाडून निळी नाडी ओवली गेली आणि मी जागृतीच्या गळ्यात आलो.

तिथून मला सगळ्यांचे चेहरे दिसत. आणि मित्रांनो, पहिल्याच आठवड्यात मी शहाणा झालो. एक टेंपोवाला होता, धापा टाकत आत यायचा आणि शून्यावर बोट ठेवायचा, कारण गाडी चालवू नका असं कोणी सांगेल ही त्याला धास्ती. दुसरे एक गृहस्थ बाकावर आरामात घोरत असायचे आणि जागे करताच नऊवर बोट ठेवायचे. त्यांना कुठल्याशा सवलतीसाठी दाखला हवा होता. मी मनात म्हटलं, बरं, हे असं आहे तर. तेव्हापासून मी आधी माणसाचे ओठ बघायचो, मग गळ्याजवळचा खळगा बघायचो, आणि आकड्याकडे सगळ्यात शेवटी.

माझ्यावर तरी कोणाचा विश्वास होता? गुरुवारी पनवेलहून छातीचे डॉक्टर यायचे. ते माझ्याकडे बघायचेही नाहीत. त्यांचा जीव त्या चिमट्यावर. बोटाला लावायचा, की लाल दिव्यात आकडा येतो, रक्तात प्राणवायू किती ते सांगतो. "तक्ता हे रोग्याचं मत झालं," डॉक्टर म्हणायचे, "चिमटा हा पुरावा." मला ते झोंबायचं. पण खरं सांगू? मलाही तसंच वाटू लागलं होतं.

अशात होळीच्या सुमारास काळूराम आणि ठकूबाई आमच्याकडे आले.

काळूराम चौसष्टचा. भिवपुरीच्या पुढच्या एका गावात राहणारा, थोडी भातशेती असलेला. कडावच्या भाताच्या गिरणीत त्यानं अठ्ठावीस वर्षं कोंड्याच्या धुळीत काम केलं होतं, आणि बिडीही भरपूर ओढली होती. फुप्फुसं खराब झाली होती. डॉक्टरांनी त्याला तोंडानं आत ओढायचा औषधाचा फवारा दिला आणि दर गुरुवारी व्यायामाला यायला सांगितलं. माणूस बोलका. आल्या आल्या सगळ्या बाकाशी ओळख करून घेतली. त्याची बायको ठकूबाई साठीच्या आतली, सुकलेली, काळीसावळी. ती कोणाशी बोलली नाही. हातात पिशवी, पिशवीत फाईल, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी. सगळ्यांपासून लांब, दाराच्या चौकटीला टेकून बसली.

दवाखाना रस्त्यापासून जरा उंचावर आहे. टमटम खाली सोडते. तिथून शंभरेक पावलांचा चढ. रोग्यांसाठी चाकाची खुर्ची ठेवलेली आहे, रखवालदार ती ढकलत वर आणतो. काळूराम खुर्चीतून यायचा. ठकूबाई पिशवी घेऊन मागून चालत यायची.

पहिल्या दिवशी जागृतीनं मला हातात धरलं आणि सगळ्या बाकांकडे बघून सांगितलं, "इथं आल्यावर पहिला प्रश्न एकच. आत्ता, या घडीला, दम किती? बोलू नका, बोलण्यात दम जातो. बोटं वर करून आकडा दाखवायचा."

मग ती काळूरामकडे वळली. "सांगा काका, आत्ता किती?"

काळूरामनं दोन बोटं दाखवली. त्याच वेळी मला दाराशी हालचाल दिसली. ठकूबाईनं एक पंजा उघडला होता आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली होती. सात.

जागृतीनं ते पाहिलं. काळूरामकडे पाहिलं. त्याचे ओठ बरे होते, श्वास बरा होता. "मावशी, काकांना एवढा दम वाटत नाही," ती म्हणाली.

ठकूबाईनं हात खाली घेतले. काही बोलली नाही.

दुसऱ्या गुरुवारी तसंच. काळूरामचे दोन, तिचे सात. तिसऱ्या गुरुवारी काळूरामचे तीन, तिचे पुन्हा सात. मी तिच्यावर डोळा ठेवायला लागलो. ही बाई नवऱ्याचा आजार वाढवून का सांगते? त्याला घरात बसवायचं असेल. किंवा त्याच्या बिड्या बंद करायच्या असतील. विचारलं तर उत्तर नाही, नुसती नजर. वर भुवया चढवलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या, जणू आपल्यावरच रागावलीय. मला ती बाई मुळीच आवडली नाही.

जागृतीनं डॉक्टरांना सांगितलं, "काका दोन-तीन म्हणतात, मावशी सात दाखवतात. दर वेळी."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "रोगी लपवतात. घरातलं माणूस कशाला वाढवून सांगेल? बिडी चालू असणार याची." त्यांनी काळूरामच्या फवाऱ्याची मात्रा वाढवली आणि सोबत एक गोळी दिली.

पुढच्या गुरुवारी काळूराम खुर्चीतून आला तो थरथरणारे हात मांडीवर दाबून. त्याच्यासोबत त्याची सून हर्षलाही आली होती. तिचा नवरा संतोष टोलनाक्यावर कामाला, त्याला सुट्टी नव्हती.

"काल कप सुटला हातातून," काळूराम म्हणाला. "छातीत नुसतं धडधड धडधड. झोप नाय. पहिला बरा होतो मी. आता ही सांगते आनि तुमी औशद लिवता. दुखनं माझं हाय का हिचं?"

मागून ठकूबाई आत आली. चौकटीला टेकली. जागृतीनं सवयीनं सगळ्यांना विचारलं, "आत्ता दम किती?" आणि मित्रांनो, त्या बाईनं पुन्हा सात बोटं दाखवली.

"बगा," काळूराम म्हणाला. "बगा हिला."

हर्षलानं आवाज खाली आणला, पण मी गळ्यातच होतो, मला सगळं ऐकू आलं. "ताई, आई घरीबी अशाच हायत. विहिरीवर गेल्या तर अर्धा घंटा लावतात. मधे दगडावर बसून राहतात. काय झालं विचारलं तर तोंड नाय उघडत. हाक मारली तर ओ नाय देत. कामचुकारपना म्हनावं तर तसंबी नाय, भाकऱ्या सगळ्या त्याच करतात. काय मनात हाय ते कळत नाय."

डॉक्टरांनी गोळी बंद केली, मात्रा पुन्हा कमी केली. वैतागले होते. "यापुढं मावशींना बाहेर बसवा," म्हणाले. जागृतीनं काळूरामच्या कागदावर लिहिलं, 'पत्नीच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये.' तिनं ते माझ्यावर कागद टेकवून लिहिलं. पेनाचा दाब मला जाणवला. मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्याइतकं संशयी निघालं होतं.

त्याच्या पुढचा गुरुवार मला विसरता येत नाही.

राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात, तो राब. सगळ्या खोऱ्यावर निळसर धूर बसलेला. काळूराम खुर्चीतून वर आला. रखवालदारानं सांगितलं, मावशींना बाहेरच थांबवलंय. जागृतीनं काळूरामला विचारलं, त्यानं दोन बोटं दाखवली, तिनं लिहिलं. सगळं सुरळीत. दाराची चौकट रिकामी.

मग तिच्या लक्षात आलं की फाईल पिशवीत आहे आणि पिशवी ठकूबाईकडे. ती बाहेर आली. मी तिच्या गळ्यात.

ठकूबाई पायरीवर बसली होती. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवलेली, खांदे कानापर्यंत चढलेले, ओठांचा चंबू करून ती हळूहळू श्वास सोडत होती. जणू गरम चहा फुंकतेय. गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. पदरावर घामाचे डाग.

जागृती थबकली. असं बसायला ती स्वतः रोग्यांना शिकवते. कोपरं गुडघ्यांवर, ओठ चंबूसारखे. ठकूबाईला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या छातीनं ते आपलं आपण शोधून काढलं होतं, आणि शोधायला काही वर्षं लागली असणार.

जागृती तिच्या शेजारी पायरीवर बसली. काही विचारलं नाही. दोनेक मिनिटं गेली. ठकूबाईचे खांदे जरा उतरले. तेव्हा जागृतीनं मला गळ्यातून काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

ठकूबाईनं मान डोलावली. "चौथी."

"मग बोट ठेवा. काकांचं नको. तुमचं."

ठकूबाईचं बोट खडबडीत होतं, टोकाला भाजल्याचे पांढरे डाग होते. ते आठवर आलं, थोडं मागं सरकलं आणि सातवर थांबलं. मग ती जागृतीकडे बघून थांबत थांबत म्हणाली, "दर येळी... तेच तर... सांगत होते."

"मला वाटलं तुम्ही काकांचं सांगताय."

ठकूबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू इतका शिकलेला माणूस इतकं सोपं कसं चुकतो. "ह्यांच्या छातीतलं," ती म्हणाली आणि श्वास घेतला, "मला कसं कळंल, गं?"

मित्रांनो, माझ्या अंगावर शून्यापासून दहापर्यंत सगळं लिहिलेलं होतं. ही एवढी एक गोष्ट लिहिलेली नव्हती.

जागृतीनं पहिल्या दिवशी सगळ्या बाकांना सांगितलं होतं, बोटं दाखवा. ठकूबाईनं ते ऐकलं होतं. तिला वाटलं, इथं सगळ्यांचंच बघतात. म्हणून चढ चढून आल्या आल्या तिनं प्रामाणिकपणे दाखवलं. आणि आम्ही काय केलं? तिच्या आकड्यावरून तिच्या नवऱ्याला औषध दिलं. मग तिलाच खोटारडी ठरवून उन्हात बसवलं. ती बोलत नव्हती कारण तिला बोलवत नव्हतं. नाकपुड्या रागानं फुगलेल्या नव्हत्या. हे सगळं माझ्यावरच लिहिलं होतं, सातच्या पुढे, तिच्यासारख्याच एका बाईच्या शब्दांत. मी ओठ बघणारा, खळगा बघणारा शहाणा. पण मी रोग्यांचे बघत होतो. ती रोगी नव्हती. ती सोबत आलेली होती.

दुपारी जागृतीनं तिला मागच्या पडवीत नेलं. तिथं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या लांब लांब मांडलेल्या असतात. त्यांच्यामध्ये रोग्यांनी सहा मिनिटं चालायचं. बोटाला चिमटा लावला. बसल्या जागी त्यानं शहाण्णव दाखवलं.

आतून डॉक्टर बघत होते. "शहाण्णव तर आहेत," ते म्हणाले. "चांगले आहेत की."

"चालू दे त्यांना, सर," जागृती म्हणाली.

ठकूबाई चालायला लागली. दुसऱ्या फेरीला चिमटा ब्याण्णववर. चौथ्या फेरीला अठ्ठ्याऐंशीवर. तिनं पदर कमरेला खोचला आणि मुकाट्यानं चालत राहिली. थांबायचं असतं हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. पंच्याऐंशीला जागृतीनं तिला हात धरून खुर्चीवर बसवलं. अडीच मिनिटं झाली होती. तिचं बोट माझ्यावर नऊवर आलं.

डॉक्टर बाहेर येऊन उभे राहिले. "बिडी? तंबाखू?"

"मिश्री," ठकूबाई म्हणाली. "बिडी नाय."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर अजून शंका होती. "मग एवढं कशानं?"

"सर, चुलीचं विचारा," जागृती म्हणाली.

"चुलीवर किती वर्षं स्वयंपाक करता?"

ठकूबाईनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "लगनाच्या आदी... आईकडं. मग इथं. सकाळ-संध्याकाळ. भात उकडायचा... तो मोठा टोप. आनि चैतात राब."

"घरात गॅस नाही?"

उत्तर काळूरामनं दिलं. तो भिंतीला धरून दारात येऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. "हाय गॅस," तो म्हणाला. "चहाला. भाकरी चुलीवरचीच लागते मला. गॅसवरची गोड नाय लागत."



जोरानं फुंकून छातीतली हवा मोजायचं एक यंत्र आहे. ठकूबाईला त्यात तीनदा फुंकायला लावलं. कागदावर रेघ उमटली. काळूरामची रेघ डोंगरासारखी चढून उतरायची, मी पुष्कळदा पाहिली होती. ठकूबाईची शेतातल्या बांधासारखी, जमिनीपासून जेमतेम वर. तिची फुप्फुसं नवऱ्याच्या फुप्फुसांपेक्षा जास्त खराब झाली होती. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. नंतर जागृतीला म्हणाले, "त्या तक्त्याचा आकडाही यापुढं फाईलवर लिहीत जा. सोबत आलेल्यांचाही." एवढंच म्हणाले. माझ्याकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही, पण ते असो.

जागृतीनं काळूरामचा कागद काढला. आपण लिहिलेली ओळ खोडली. एक रेघ मारून तिचं समाधान झालं नाही. अक्षर दिसेनासं होईपर्यंत ती खोडत राहिली.

संध्याकाळी दोघं निघाली. रखवालदारानं काळूरामसाठी खुर्ची आणली. काळूराम बसला नाही. बायकोकडे बघून म्हणाला, "बस तू."

"मला सवय नाय," ठकूबाई म्हणाली.

"बस म्हनतो ना. पिशवी दे इकडं."

ती बसली, अगदी कडेला, परक्या घरात बसतात तशी. उतार होता, तरी काळूराम मागं पिशवी घेऊन चालताना दोनदा थांबला. रखवालदारही थांबला. जागृती दारात उभी होती म्हणून मला दिसलं. ठकूबाई वळून नवऱ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं ती ओठ बघत होती.

त्याला आता तीन वर्षं झाली. ठकूबाईला फवारा सुरू झाला, व्यायाम सुरू झाला. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, हे डॉक्टरांनी तिला साफ सांगितलं. ती म्हणाली, ठीक. आता चढावर ती एकदा थांबून वर येते आणि माझ्यावर पाचवर बोट ठेवते. बोलतेही. भरपूर बोलते. आम्हाला कळलं की बाई मुळात तोंडाळ आहे, एवढी वर्षं नुसता श्वास पुरत नव्हता. काळूराम गॅसवरची भाकरी खातो आणि तिला नावं ठेवतो. बिडी सोडली असं तो सांगतो. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मध्यंतरी जागृती त्यांच्या घरी गेली होती, मला घेऊन. स्वयंपाकघर स्वच्छ, चूल लिंपून बंद केलेली. ठकूबाई खूश होती, ओटा दाखवत होती. पण मला कुठूनतरी धुराचा वास येत होता. मी आपला संशयी. जागृतीलाही आला असावा, कारण ती मागच्या दारानं परसात गेली. तिथं तीन दगडांची चूल पेटलेली होती. वर आंघोळीच्या पाण्याचा हंडा. आणि समोर हर्षला, डोळे पुसत, फुंकणीनं फुंकत होती.

"हर्षलाताई, हे काय?"

"पानीच तर हाय, ताई. सगळ्यांच्या अंघोळीला गॅस किती जाळायचा? भाजी-भाकरी गॅसवरच करतो आमी."

ठकूबाई मागून आली. तिनं सुनेकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं. जागृतीकडे हात पुढं केला. जागृतीनं मला गळ्यातून काढून दिलं. ठकूबाईनं मला सुनेसमोर धरलं.

"बोट ठेव."

"मला कुटं काय होतंय, आई?"

"ठेव गं. तुजं सांग."

हर्षला हसली. बत्तीस वर्षांची, धडधाकट. तिचं बोट शून्यावर आलं. ठकूबाई नुसती बघत राहिली. मी सांगितलं ना, बाई आता बोलकी झाली होती, पण तेव्हा एक अक्षर बोलली नाही. हर्षलाचं हसू हळूहळू गेलं. बोट सरकलं. एक. मग दोन. मग ती म्हणाली, "हंडा उचलला की थोडा... जिना चढतानाबी. कदीपासून ते ठावं नाय."

ठकूबाईनं खाली वाकून जळतं लाकूड ओढलं, पाण्याचा तांब्या त्यावर ओतला. धूर उठला तशी दोघी बायका मागं सरल्या. परसातून बाहेर येताना तिनं मुलाला हाक मारली. संतोष अंगणात मोटरसायकल पुसत होता. "पान्याचं काय ते बग," ती म्हणाली. "उद्या ही चूल पेटनार नाय." दुसऱ्या महिन्यात तिथं उन्हावर पाणी तापवायची टाकी बसली, असं हर्षलानं दवाखान्यात येऊन सांगितलं. आता वर्षातून एकदा ती स्वतःच्या नावाची फाईल घेऊन येते.

मी मात्र म्हातारा झालो. माझ्या कडांचं प्लास्टिक सुटलं, दोन पावसाळ्यांत आत ओल गेली. सातचा आकडा बोटं टेकून टेकून फिकट झालाय. जागृतीनं कपिलकडून नवा तक्ता करून आणला. मला टाकलं नाही, खिडकीच्या गजाला नाडीनं बांधून ठेवलंय. तिथून मला बाक दिसतो आणि दारही दिसतं. रोग्यांना बघायला नवा आहे. मी त्यांच्यासोबत आलेल्यांना बघतो, पिशवी धरून बसलेल्यांना.

मित्रांनो, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्याही घरात कोणीतरी असेल जी जिना चढून आल्यावर कठड्याला धरून उभी राहते. हाक मारली तर लगेच ओ देत नाही. वाक्य अर्धं सोडून मान हलवते. तिला चिडकी, आळशी, घुमी म्हणायच्या आधी एकदा विचारा. ती म्हणेल, मला काही होत नाही. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. एवढा संशय माझ्याकडून घ्या. तिच्याजवळ बसा, तिचा श्वास जागेवर येऊ द्या, आणि पुन्हा विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढं थांबा.